दर माणशी, दर सिनेमा: घरचा पडदा आणि थिएटरचं तिकीट, हिशोबाच्या नोंदी

जागा: पुणे, कोथरूड. चौघांचं घर. खोली ११ × १४ फूट, छताची उंची साडेनऊ फूट, एकच खिडकी. सध्या ४३ इंची टीव्ही भिंतीवर आहे.

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

काम आत्ता हाती घ्यायचं कारण जीएसटी. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. दुकानदार ‘दहा टक्के स्वस्त’ म्हणतात, ते बरोबर नाही. ५०,००० मूळ किमतीचा प्रोजेक्टर आधी ६४,००० ला पडायचा, आता ५९,००० ला पडतो. म्हणजे आधीच्या किमतीवर ७.८ टक्के कमी. कोटेशन घेताना मूळ किंमत आणि कर वेगळे लिहून मागायचे. कर उतरल्यावर मूळ किंमत चढवलेली असेल तर ती तिथेच दिसते.

तिकिटांवरही त्याच दिवशी बदल झाला, पण फक्त १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर: १२ चे ५ टक्के. त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के होते तसेच आहेत. त्यामुळे १०० च्या तिकिटाचे १०५ होतात आणि ११० च्या तिकिटाचे १२९ रुपये ८० पैसे. मूळ दरात दहाच रुपयांची वाढ, प्रेक्षकाच्या खिशातून मात्र जवळजवळ २५ जातात. एकपडदा थिएटरवाले शंभरावर का अडून बसतात ते यातून कळतं. मल्टिप्लेक्सच्या शनिवार-रविवारच्या तिकिटाला या बदलाचा काही फायदा नाही.

मोजायचं एकक ठरवलं: दर माणशी, दर पूर्ण पाहिलेल्या सिनेमाला किती रुपये. अर्धवट सोडलेला सिनेमा मोजायचा नाही. घरच्या हिशोबात सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक वर्षाच्या वर्गणीला ३६५ दिवसांनी भागतात आणि ‘दिवसाला वीस रुपये’ म्हणून समाधान मानतात. पण वीस रुपये भरलेल्या दिवशी सिनेमा पाहिलेला असतोच असं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

मल्टिप्लेक्स, संध्याकाळचा खेळ, चार तिकिटं. पावत्यांवरून:

तिकीट २५० + १८ टक्के = २९५. चौघांचे १,१८०.
ऑनलाइन सुविधा शुल्क दर तिकिटाला ३० + त्यावर १८ टक्के = ३५.४०. चौघांचे १४१.६०.
मोठा पॉपकॉर्न, दोन थंड पेयं, एक सामोसा प्लेट: ७६० + ५ टक्के = ७९८.
पेट्रोल: जाऊन-येऊन १८ किलोमीटर, शहरात गाडी लिटरला १४ देते, दर १०४ धरून १३४.
पार्किंग ५०.

एकूण २,३०३ रुपये ६० पैसे. माणशी ५७६.

खाणं वगळलं तर १,५०५.६०, म्हणजे माणशी ३७६. खिडकीवर तिकीट काढलं तर सुविधा शुल्क वाचतं आणि माणशी ३४१ पडतात. त्या १४१ रुपयांत पेट्रोल निघतं. नव्या सिनेमाच्या पहिल्या शनिवारी खिडकीवर चार खुर्च्या शेजारी-शेजारी मिळणार नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मिळतात.

खाण्याच्या बिलात एक गोष्ट बघायची. थिएटरमध्ये वेगळं विकत घेतलेल्या खाण्यावर ५ टक्के कर लागतो, जीएसटी परिषदेने २०२३ मध्ये तसा खुलासा केला आहे. तेच खाणं तिकिटासोबत एकत्र ‘कॉम्बो’ म्हणून घेतलं तर सगळ्या रकमेला तिकिटाचा दर लागतो. कॉम्बोमधली सवलत या फरकापेक्षा मोठी आहे का ते आधी बघावं. पिण्याचं पाणी मोफत आणि स्वच्छ देणं थिएटरवर बंधनकारक आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसं स्पष्ट केलं. बाटली घेण्याआधी पाण्याची जागा विचारावी. बाहेरचं खाणं नाकारायचा अधिकार मात्र त्याच निकालाने मालकांना दिला आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

पैसे खर्च करण्याआधी असलेल्या टीव्हीची परीक्षा.

४३ इंची टीव्हीची रुंदी ९५ सेंटीमीटर. सोफा ११ फुटांवर. त्या अंतरावरून पडदा जेमतेम १६ अंशांत मावतो. थिएटरसाठी एसएमपीटीई या सिनेमा-तंत्रज्ञांच्या संस्थेची शिफारस ३० अंशांची आहे. ३० अंशांसाठी अंतर काढायची सोपी रीत: पडद्याच्या रुंदीला १.८७ ने गुणायचं. ९५ × १.८७ = १७८ सेंटीमीटर, म्हणजे ५ फूट १० इंच.

खुर्च्या ५ फूट १० इंचांवर आणल्या. शून्य रुपयांत पडदा डोळ्यांत जवळजवळ दुप्पट झाला. अडचण इतकीच की एवढ्या जवळ दोन खुर्च्या नीट बसतात. तिसरा आणि चौथा माणूस कडेला जातो आणि कडेने या पॅनलचा काळा रंग राखाडी दिसतो. दोघांच्या घराला नवीन काही घ्यायची गरज नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

आवाज मात्र टीव्हीचा चालत नाही. स्पीकर मागच्या बाजूला, तोंड भिंतीकडे. संवाद कळेना म्हणून आवाज वाढवायचा आणि मारामारी आली की कमी करायचा, हे दर पाच मिनिटांनी करावं लागतं. ९,००० रुपयांचा साधा साउंडबार लावला तर हा प्रश्न सुटतो. हा पर्याय ‘जुना टीव्ही’ या नावाने शेवटपर्यंत हिशोबात ठेवायचा.

११ ऑक्टोबर, शनिवार

स्वस्त छोटा प्रोजेक्टर चाचणीसाठी आणला. ११,५०० रुपये, खोक्यावर ‘९,५०० लुमेन’ (लुमेन म्हणजे उजेडाचं माप).

मोजण्याची पद्धत: पूर्ण पांढरं चित्र लावायचं. चित्राचे तीन गुणिले तीन असे नऊ भाग पाडायचे. प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्समीटर पडद्याला टेकवून, तोंड प्रोजेक्टरकडे करून वाचन घ्यायचं. नऊ वाचनांची सरासरी काढायची आणि चित्राच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने गुणायचं. येतात ते एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या मानक पद्धतीने मोजलेले.

८० इंची चित्र, क्षेत्रफळ १.७६ चौरस मीटर. मध्यावर १३१ लक्स, कोपऱ्यांत ७० ते ८०. सरासरी ९८. म्हणजे १७३ लुमेन.

गरज किती? अंधाऱ्या थिएटरचं प्रमाण १६ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप, साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला एक लुमेन म्हणजे एक). १०० इंची पडदा २९.७ चौरस फूट. १६ × २९.७ = ४७५ लुमेन. या यंत्राकडे त्याच्या निम्मेही नाहीत. अशा खोक्यावरचा आकडा पडद्यावर पोचणाऱ्या उजेडाचा नसतो. विचारताना ‘एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन किती’ असंच विचारावं. उत्तर देताना विक्रेता विषय बदलू लागला तर पुढचं दुकान गाठावं.

दुसरा दोष याहून वाईट. यंत्रात अँड्रॉइड आहे, पण ओटीटी ॲपला लागणारं वाइडव्हाइन एल-१ हे नक्कल रोखण्याचं प्रमाणपत्र नाही. ॲप उघडतं, सिनेमा लागतो, पण चित्र ४८० ओळींचं. १०० इंचांवर चेहरे पाण्यात पाहिल्यासारखे. फोनवरून स्क्रीन मिरर केली तर आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. तो बिघाड नाही, हक्कांचं कुलूप आहे. असं यंत्र आधीच घेऊन बसलेल्यांनी ४,५०० ची प्रमाणित स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावावी. चित्राची स्पष्टता सुधारेल, उजेड आहे तेवढाच राहील.

परत केला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मंगळवारी बऱ्याच मल्टिप्लेक्सना सवलत असते. खिडकीवर तिकीट १४९, सगळं धरून. चौघांचे ५९६, पेट्रोल-पार्किंग १८४. एकूण ७८०, माणशी १९५.

घरच्या पडद्याची तुलना या आकड्याशी करायची. शनिवारच्या २,३०० रुपयांशी तुलना केली की कुठलाही प्रोजेक्टर स्वस्त दिसतो, आणि विकणारे नेमकी तीच तुलना समोर ठेवतात. दुचाकीवरून जाणाऱ्या दोघांचा मंगळवार: तिकिटं २९८, पेट्रोल ४२, पार्किंग २०. एकूण ३६०.

मुलांची दुसऱ्या दिवशी शाळा असते, ही मंगळवारची खरी किंमत. सहाचा खेळ धरला तर नऊपर्यंत घरी पोचता येतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीनंतर कोटेशनं. ठरवलेली यादी:

प्रोजेक्टर, १०८०-पी, दिव्याचा, ३,००० लुमेन वर्गातला: ५९,०००
भिंतीचाच पडदा करण्याचं काम: २,४००
छताचा ब्रॅकेट: १,५००
१० मीटर ऑप्टिकल एचडीएमआय केबल: ३,२००
उजेड अडवणारे पडदे, एक खिडकी: ३,६००
छताजवळ नवा वीज-पॉइंट: १,४००
स्ट्रीमिंग स्टिक: ४,५००
५.१ साउंडबार, वूफर आणि मागच्या स्पीकरांसह: २४,०००
एकूण ९९,६००.

चौकटीचा तयार पडदा ९,५०० ला होता. भिंत पुरेशी सपाट असल्याने तो घेतला नाही. खाली ओढायचा गुंडाळी पडदा ५,५०० ला मिळतो, पण वर्ष-दोन वर्षांत त्याच्या कडा आत वळतात आणि कॅमेरा आडवा सरकला की चित्र लाटेवरून गेल्यासारखं दिसतं. भिंत परवडते.

१ नोव्हेंबर, शनिवार

भिंत. २२१ × १२४.५ सेंटीमीटरचा आयत आखला, वरची कड जमिनीपासून ७ फूट ४ इंचांवर.

जुना रंग १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासला. पुट्टीचे दोन हात, मध्ये पूर्ण वाळू दिली. मग २२० नंबरने घासून अंधारात बाजूने टॉर्च धरून पाहिलं. सरळ उजेडात न दिसणारे चढ-उतार कडेच्या उजेडात लगेच दिसतात. डाव्या बाजूला खिळ्याची जुनी जागा फुगलेली निघाली, ती तासून पुन्हा भरली. प्रायमरचा एक हात, पांढऱ्या मॅट इमल्शनचे दोन. एक लिटर रंग दोन्ही हातांना पुरून उरतो. रोलर बारीक लवेचा घ्यायचा. ब्रशचे ओरखडे चित्रात उभ्या रेघांसारखे दिसतात. चकाकीचा रंग अजिबात नको, मध्यभागी दिव्याचा डाग पडतो.

भोवती दोन इंची काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली. ३०० रुपयांची पट्टी, पण चित्राची कड धारदार दिसते आणि कडेबाहेर सांडलेला उजेड ती गिळते.

८ नोव्हेंबर, शनिवार

टांगणी. प्रोजेक्टरचं अंतर-गुणोत्तर (भिंगाचं पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ ते १.८. पडद्याची रुंदी २.२१ मीटर, म्हणजे भिंग ३.३२ ते ३.९८ मीटरच्या दरम्यान कुठेही चालेल. जवळ टांगलं तर उजेड थोडा जास्त मिळतो, पण खुर्च्या ११ फूट २ इंचांवर येणार (रुंदीच्या १.५४ पट, ३६ अंश) आणि यंत्र डोक्यावर घरघरत राहणार. म्हणून भिंग १२ फूट ४ इंचांवर, बसणाऱ्यांच्या मागे. उंची ७ फूट १० इंच.

पांढरं चित्र लावलं आणि वरच्या कडेला इंचभर पट्टी फडफडू लागली. पंखा. पाती जमिनीपासून ७ फूट ६ इंचांवर फिरत होती आणि भिंगाकडून पडद्याच्या वरच्या कडेकडे जाणारा उजेड तिथून ७ फूट ७ इंचांच्या आसपास जातो. सिनेमात ही फडफड आधी जाणवतही नाही, दहा मिनिटांनी डोळे दुखायला लागतात. पंख्याची १८ इंची दांडी काढून ६ इंची लावली. पाती ८ फूट ६ इंचांवर गेली, छतापासून फूटभर अंतर राहिलं, वाराही नीट लागतो. भोक पाडण्याआधी पंखा चालू करून आणि प्रोजेक्टर शिडीवर धरून हे तपासायला हवं. आपल्याकडच्या घरांत खोलीच्या मध्यावर पंखा असतोच. परदेशी मार्गदर्शकांत त्याचा उल्लेख सापडत नाही.

चित्र तिरकं आलं तर यंत्रातला कीस्टोन हा चित्र सरळ करायचा पर्याय वापरायचा नाही. तो चित्र कापून सरळ करतो, बारकावे जातात. ब्रॅकेटच्या स्क्रूने यंत्रच सरळ करायचं. पाऊण तास लागला.

उजेड मोजला: सिनेमा मोड, दिवा कमी विजेच्या ‘इको’ पर्यायावर, सरासरी ५६० लक्स. गुणिले २.७६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,५४५ लुमेन, ५२ फूट-लँबर्ट. गरजेच्या तिप्पट. दिवे पूर्ण बंद करून पाहणाऱ्यांना हजार एएनएसआय लुमेनचं यंत्रही पुरलं असतं आणि खर्च बराच कमी झाला असता. जास्तीचा उजेड दिवसा मॅच बघताना उपयोगी पडतो. ते हवं की नको, हे खरेदीआधी ठरवावं.

९ नोव्हेंबर, रविवार

चित्र नाही. केबल केसिंग-पट्टीत बसवून झाल्यावर.

ऑप्टिकल एचडीएमआय केबलला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी घातली तर काहीच दिसत नाही. १० मीटर पट्टी उघडून पुन्हा ओढावी लागली. केबल आधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, दहा मिनिटं चित्र चालवून मगच पट्टीत घालायची. कोपऱ्यात तांब्याच्या तारेसारखी काटकोनात वळवायची नाही, आतला काचेचा तंतू तुटतो.

साधी तांब्याची १० मीटर केबल १०८०-पी ला बहुतेक वेळा चालते. ४-के ला चित्रात ठिणग्या उडतात किंवा मध्येच अंधार होतो. पुढे यंत्र बदललं तरी पट्टी उघडायला लागू नये म्हणून ऑप्टिकल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आवाज. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात. कारण प्रोजेक्टरहून साउंडबारला ब्लूटूथने जोडलं होतं. ब्लूटूथमध्ये दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात.

बरोबर जोडणी: स्टिक साउंडबारच्या एचडीएमआय-इन मध्ये, साउंडबारच्या आउटमधून केबल प्रोजेक्टरला. आवाज खालीच थांबतो, चित्र वर जातं. घेतलेल्या बारला इन आहे म्हणून जमलं. बऱ्याच स्वस्त साउंडबारना एकच एआरसी पोर्ट असतं, ते टीव्हीकडून आवाज घेण्यासाठी. प्रोजेक्टरला एआरसी नसेल तर असा बार कामाचा नाही. मग दोनेक हजारांचा ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर मध्ये लावावा लागतो. दुकानात बारची मागची बाजू उलटून ‘एचडीएमआय इन’ ही अक्षरं डोळ्यांनी वाचावीत.

मागचे स्पीकर कानाच्या उंचीपेक्षा फूटभर वर, खुर्च्यांच्या थोडे मागे. वूफर कोपऱ्यात ठेवला तर खालच्या मजल्यावर घुमतो. कोपऱ्यातून दोन फूट बाहेर काढला आणि खाली रबरी मॅट घातली.

वीज, प्लगमध्ये लावायच्या मीटरने: प्रोजेक्टर २९०, बार ३५, स्टिक ३, पंखा ६० वॅट. अडीच तासांच्या सिनेमाला ०.९७ युनिट. आमच्या बिलातला सगळे आकार धरून दर १२ रुपयांच्या आसपास, म्हणजे १२ रुपये. उन्हाळ्यात दीड टनाचा इन्व्हर्टर एसी धरला तर ३९. वर्षाची सरासरी २५ धरली. ‘३०० युनिट ओलांडले की अख्खं बिल वरच्या दराने’ ही समजूत चुकीची आहे. महावितरणच्या घरगुती बिलात वरचा दर फक्त ओलांडलेल्या युनिटांना लागतो.

दिव्याच्या प्रोजेक्टरचा मुख्य स्विच सिनेमा संपताच बंद करायचा नाही. आतला पंखा थांबेपर्यंत थांबायचं. मध्येच वीज गेली तर गरम दिवा लगेच पेटत नाही, पाच मिनिटं जातात. म्हणून नवा पॉइंट घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला.

२३ नोव्हेंबर, रविवार

वर्गण्या. नोव्हेंबर २०२५ चे दर: नेटफ्लिक्स स्टँडर्ड महिन्याला ४९९. प्राइम वर्षाला १,४९९, जाहिराती नको असतील तर वर ६९९. जिओहॉटस्टार प्रीमियम तीन महिन्यांना ४९९, वर्षाला १,४९९.

तिन्ही वर्षभर चालू ठेवल्या: ५,९८८ + १,४९९ + १,४९९ = ८,९८६.

आळीपाळीने घेतल्या: नेटफ्लिक्स तीन महिने १,४९७, हॉटस्टार तीन महिने ४९९, प्राइम वर्षभर (घरपोच सामानासाठी ती असतेच). एकूण ३,४९५. वर्षाला ५,४९१ रुपये वाचले. याला शिस्त एकच: वर्गणी भरल्या दिवशीच ‘आपोआप नूतनीकरण’ बंद करायचं. मुदत संपेपर्यंत सेवा चालूच राहते. यूपीआय ॲपमधलं ऑटोपे मँडेटही वेगळं तपासायचं.

मधल्या काळात एखादाच सिनेमा हवा असेल तर भाड्याने घ्यावा. साधारणपणे सुरू करायला ३० दिवस मिळतात आणि एकदा लावला की ४८ तास. म्हणून सगळे जमल्याशिवाय ‘जरा बघू’ म्हणून लावायचा नाही.

नेटचा वेग अडचणीचा नाही. १०८०-पी ला ५ एमबीपीएस पुरतात, तासाला ३ जीबीच्या आसपास जातात. चित्र अडकत असेल तर बहुतेक वेळा राउटर दोन भिंतींपलीकडे असतो. स्टिक ५ गिगाहर्ट्झवर जोडावी किंवा राउटर खोलीजवळ आणावा.

३० नोव्हेंबर, रविवार

इमारतीतून सूचना आली: सोसायटीच्या हॉलमध्ये हाच प्रोजेक्टर लावून माणशी ५० रुपये घेऊ, खर्च निघेल. नाही म्हणून कळवलं. घरगुती वर्गणी त्या घरापुरती असते. हॉलमध्ये लोकांना दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन होतं आणि त्याला हक्कधारकाची परवानगी लागते, पैसे घेतले नाहीत तरी. कोणाला खरंच करायचं असेल तर एखाद्या निर्मात्याला लेखी विचारून त्याचा सिनेमा दाखवावा. लहान मराठी सिनेमांचे आणि माहितीपटांचे निर्माते अशा विचारणेला चांगला प्रतिसाद देतात.

यावरून थिएटरात काय पाहायचं हेही ठरवून टाकलं. हिंदी सिनेमाची थिएटर ते ओटीटी मुदत साधारण आठ आठवड्यांची आहे. थांबलं की तो घरी येतो, थांबण्याला पैसे पडत नाहीत. मराठीचं तसं नाही. राज्य सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी सिनेमाला खेळ द्यायला सांगितलं, तरी पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी झाली नाही की दुसऱ्या आठवड्यात खेळ सकाळी साडेनऊला सरकतो आणि तिसऱ्यात पोस्टर उतरतं. ओटीटीवर येईलच याचीही खात्री नसते. तेव्हा थिएटरसाठी राखून ठेवलेले वर्षाचे आठ खेळ आधी मराठीला द्यायचे, पहिल्याच आठवड्यात, पूर्ण दराने. हा खर्च हिशोबात महाग दिसला तरी तो कमी करायचा नाही. बाकीच्यांना मंगळवार आहे.

१४ डिसेंबर, रविवार

ताळेबंद. साहित्याचं आयुष्य सात वर्षं, नंतर किंमत शून्य. ९९,६०० ÷ ७ = १४,२२९. अडकलेल्या पैशावरचं व्याज, सरासरी निम्म्या रकमेवर साडेसहा टक्क्यांनी, ३,२३७. आळीपाळीच्या वर्गण्या ३,४९५. वर्षाचा ठरलेला खर्च २०,९६१. दर सिनेमाला वीज २५. दोन्हीकडचं खाणं वगळलं आहे.

वर्षाला १२ सिनेमे: माणशी ४४३.
२४ सिनेमे: माणशी २२५.
४८ सिनेमे: माणशी ११५.

शनिवारच्या ऑनलाइन तिकिटाशी बरोबरी १५ सिनेमांत होते. मंगळवारशी बरोबरी व्हायला २८ लागतात. दोघांच्या घराला मंगळवारशी बरोबरी करायला वर्षाला ६३ सिनेमे पाहावे लागतील. एवढे कोणी पाहत नाही.

जुना टीव्ही आणि ९,००० चा साउंडबार: ठरलेला खर्च वर्षाला ५,०७३, वीज १५. २४ सिनेमांना माणशी ५७. पैशांचाच प्रश्न असेल तर त्याचं उत्तर हेच आहे. प्रोजेक्टरचे वरचे पैसे चौघांनी एका ओळीत बसून मोठ्या पडद्यावर पाहण्याचे आहेत, त्यांना बचत म्हणू नये.

आता खरा आकडा. ओटीटी ॲपमध्ये ‘पाहिल्याचा इतिहास’ असतो. मागच्या बारा महिन्यांचा काढला, मालिका वगळल्या, अर्धवट सोडलेले वगळले. पूर्ण पाहिलेले सिनेमे ३१ निघाले. विचारल्यावर घरातल्या प्रत्येकाने साठाच्या वरचा आकडा सांगितला होता. ३१ ला माणशी १७५. मंगळवारपेक्षा २० रुपये कमी. चार सिनेमे कमी पाहिले तर तो फायदा गेला. यादी मंजूर करण्याआधी, म्हणजे २५ ऑक्टोबरलाच, हा इतिहास काढायला हवा होता. हे काम फुकट आहे आणि दहा मिनिटांचं आहे.

२८ डिसेंबर, रविवार

नोव्हेंबरपासून सात आठवड्यांत पूर्ण पाहिलेले सिनेमे ९, अर्धवट ३. नव्याची नवलाई यात आहे, म्हणून हा वेग पुढच्या वर्षासाठी धरला नाही.

पडद्यासमोरचं पांढरं छत उजेड परत भिंतीवर टाकतं, काळे प्रसंग राखाडी दिसतात. भिंतीपासून तीन फुटांपर्यंतच्या छताला गडद राखाडी मॅट रंग दिला. सामान घरात उरलेलं, मजुरी ६००. याआधी केलेल्या कुठल्याही सेटिंगपेक्षा चित्रात जास्त फरक पडला.

दिव्याचे तास: ३४. हवेची जाळी काढून पाहिली, समोर रस्त्याचं काम चालू असल्याने सात आठवड्यांतच कडेला धुळीची लव धरली आहे. मऊ ब्रशने आणि हलक्या व्हॅक्युमने साफ केली, पाणी लावलं नाही. पुढची सफाई फेब्रुवारीअखेर. हॉटस्टारची मुदत त्याच आठवड्यात संपते, नूतनीकरण बंद असल्याचं तपासलं.